शेजारच्या टेबलावरचे आबा

मुलीनं मुंबईत समुद्रासमोरच्या एका इटालियन हॉटेलात नेलं होतं. काय खाल्लं ते आता आठवत नाही. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे तेवढे आठवतात.

पांढरी टोपी घालून ते मुलासोबत बसले होते. ताट समोर येऊनही त्यांनी चमच्याला हात लावला नव्हता. जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला ते ताटाकडं हात करून म्हणत, "या जेवायला."

लोक बिचकून पुढं सरकत. मी मात्र ओळखलं, हे आमच्या बीडकडचे. धारूरला ओसरीवर जेवताना आम्हीही रस्त्यानं जाणाऱ्याला असंच म्हणतो. तो "होऊ द्या सावकाश" म्हणतो, मगच घास तोंडात जातो. खरंच येऊन कुणी बसत नाही.

मुलगा ओशाळला. "आबा, इथं असं म्हणत न्हाईत."

"कावून? आपण काय चोरून खातोय का?"

तेवढ्यात वेटर आला आणि त्यांचा ग्लास भरू लागला. तोवर तो सगळ्यांशी इंग्रजीतच बोलत होता. आबांनी त्यालाही सोडलं नाही. "या जेवायला."

"होऊ द्या सावकाश, मामा," तो हळूच म्हणाला.

आबांनी मान वर केली. "गाव कोणतं रं?"

"उमापूर. बीडकडलंच."

"मग उभा कावून? बस की." त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची ओढली.

वेटरनं काउंटरवरच्या मॅनेजरकडं पाहिलं, आणि भरलेल्या ग्लासात पुन्हा पाणी ओतू लागला.