खडीसाखर विरघळेपर्यंत

सहा वर्षांच्या एका मुलीचं ऐकून न घेताच सरांनी निकाल दिला होता.

हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाहीये. दरवर्षी कोर्सच्या पहिल्या तासाला ते स्वतःच सांगायचे.

ते सर काल सकाळी गेले.

बेळगावच्या एका लॉ कॉलेजात मी 'बाल मानसशास्त्र आणि कायदा' शिकवते. मानसशास्त्र माझ्याकडे. कायद्यासाठी निवृत्त जज्जसाहेब येणार म्हटल्यावर मी कपाळाला हात लावला. आता वर्षभर किस्से ऐका!

पहिल्याच दिवशी ते खडीसाखरेची पुडी घेऊन वर्गात शिरले. प्रत्येकाला एकेक खडा.
"तोंडात धरा. चावायचा न्हाय."

मग खानापूरच्या एका मुलीला उभं केलं.
"सांग गं, आजीकडं राहणार का बापाकडं? लवकर बोल, मला अजून चार केसेस हाईत."

ती बिचारी गालात खडा धरून नुसती बघत राहिली. वर्गात हशा.

सर हसले नाहीत. फळ्यावर लिहिलं, 'मुलीला प्रश्न समजत नाहीत.'
"हे वाक्य मी एकदा खरं लिव्हलंय. ऑर्डरमध्ये."

केस निपाणीची होती. मुलीची आई वारलेली. मुलगी आईच्या आईकडे वाढत होती, आजी विड्या वळून घर चालवायची. बापाने दुसरं लग्न केलं आणि मुलीचा ताबा मागितला.

सरांनी मुलीला चेंबरमध्ये घेऊन तीन प्रश्न विचारले. तिने एकाचंही उत्तर दिलं नाही.

मुलगी बापाकडे गेली, सदलग्याला.

पुढे बऱ्याच वर्षांनी कोर्टातला जुना शिपाई रिटायर झाला. त्याच्या निरोपाच्या चहाला त्याने सहज विषय काढला.
"साहेब, त्या पोरीच्या तोंडात खडीसाखर हुती. आजीनं दारातच प्रसाद म्हणून दिलती. प्रसाद चावायचा न्हाय, तोंडात असताना बोलायचं न्हाय, असं बजावलंतं. लई शहाणी पोर. भाईर येऊन आजीला म्हणाली, संपली गं, आता बोलू?"

सरांनी विचारलं, "मग तवाच का सांगितलं न्हाईस?"
"साहेबांना कसं सांगायचं?"

चहा तसाच ठेवून सर घरी आले.

आमचं दोघांचं वर्गात नेहमी वाजायचं. मी मुलांना शिकवायचे, लहान मुलाला प्रश्न कसा विचारावा, आवाज कसा ठेवावा, खुर्ची कुठे मांडावी. सर मागच्या बाकावरून म्हणायचे, "मॅडम, तुमच्या नोट्समध्ये सगळं हाय. किती वेळ थांबायचं, तेवढंच न्हाय."

राग यायचा. कारण नोट्समध्ये ते खरंच नव्हतं.

एकदा स्टाफरूममध्ये माझी जीभ सुटली. "सर, आमच्यासमोर दरवर्षी कबुली देता. तिला कधी सांगितलंत?"

दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मी म्हटलं, घ्या, आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

मग एक दिवस दारात उभे. "मॅडम, निपाणीला येतासा काय?"

आजीच्या त्या वेळच्या वकिलांकडून त्यांनी त्या मुलीला निरोप पाठवला होता. ती "या" म्हणाली, तेव्हाच आम्ही एसटी धरली.

ती आता आजीच्याच घरात राहते, ब्लाउज शिवते. मोठी झाल्यावर परत आली, पण तोवर आजी राहिली नव्हती.

तिने खुर्ची पुढे केली. सर गुडघे धरत खाली चटईवर बसले.
"बाळ, तवा विचारलेलं परत विचारतो. तुला कुणाकडं ऱ्हायचं हुतं?"

ती हातातल्या ब्लाउजची दुमड उलगडत, परत घालत राहिली. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मला राहवेना. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बाल मानसशास्त्र शिकवणारी मी! सरांनी हात वर करून मला गप्प केलं.

"आजीकडं," ती म्हणाली.
मग थोड्या वेळाने, "तुम्ही थांबला न्हाईसा."

"व्हय. थांबलो न्हाय. चुकलं माझं."

माफ केलं वगैरे काही ती बोलली नाही. चहा केला. निघताना देवापुढच्या वाटीतला खडीसाखरेचा एक खडा सरांच्या तळहातावर ठेवला.

तो तोंडात धरून सर बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत बोलले नाहीत. तोवर खडा कधीच विरघळला असणार. मीही काही विचारलं नाही. त्या दिवशी ते मला फार आवडले.

काल दुपारी अंत्ययात्रेची तयारी झाली होती. माणसं जमली होती, भटजी घड्याळ बघत होते. माझा फोन वाजला.

"मॅडम, मी निपाणीतनं निघालीया. मी येस्तोवर थांबशीला काय?"

मी काकूंकडे, सरांच्या पत्नीकडे, बघितलं. कोण ते सांगितलं. त्यांना सगळं माहीत होतं.

कुणीतरी म्हणालं, उशीर होतोय.
काकू म्हणाल्या, "किती का वेळ लागंना. तिच्यासाठी थांबायचं."

दोन तासांनी ती आली, लेकीला घेऊन. सरांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तशीच राहिली.

कुणी तिला उठ म्हटलं नाही. भटजींनीही नाही.

सर, सावकाश जा.
पुढच्या वर्षी पहिला तास मी घेईन. पुडी मी आणेन.