डब्यातलं काळं तेल

लेकीला पांढुर्ण्याला सासरी सोडायला निघालो होतो; सौंसर मागे पडलं आणि थोरल्या भावाचा फोन आला. गाडी मी चालवत होतो, म्हणून मागे आपल्या आईजवळ बसलेल्या लेकीनं फोन घेऊन आवाज मोठा केला. भाऊ फार खुशीत होता.

"अबे, निघता निघता तेल टाकून देलं म्या गाडीत. दारामागं भरला डब्बा पडून होता, पुराच टाकला. पोरगी सासरी चालली, रस्त्यात कमी नको पडाले."

तो डबा कुठला, ते मला माहीत होतं.

आदल्याच दिवशी सौंसरला मी या गाडीचं तेल बदलून आणलं होतं. जुनं तेल फेकायचं आमच्याकडे कोणाच्या जिवावर येतं? दाराच्या चौकटीला उदई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून चोपडायला ते लागतंच. म्हणून मिस्त्रीला सांगून नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात मी ते काळं तेल भरून घेतलं. वरचं लेबल नवंकोरं. भावानं तोच डबा इंजिनात ओतला. तेल काळं दिसलं नाही का, असं कोणी म्हणेल. पण आमच्या ट्रॅक्टरमधलं तेल त्यानं जन्मभर काळंच पाहिलंय. बदलायचं नाही, कमी झालं की वरून टाकायचं, ही आमच्या घरची रीत. सोनेरी तेल दिसलं तर तो म्हणेल, भेसळ आहे.

गाडी माझी असती तर मी हसलो असतो. पण ही लेकीच्या सासरची पहिली गाडी. जावई ट्रेनिंगला गेले, तेव्हा गाडी आमच्याकडे लोधीखेड्याला ठेवायची गोष्ट निघाली. तिच्या सासऱ्यांच्या मनात ते नव्हतं. लेक म्हणाली होती, माझ्या बाबांकडे राहील, काही होणार नाही, मी जबाबदार. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या घरात तिनं पहिल्यांदा कुठल्या गोष्टीची जबाबदारी घेतली होती, आणि ती आम्ही दोघं भाऊ मिळून बुडवून राहिलो होतो.

मला इंजिनातलं काही कळत नसतं तर बरं झालं असतं. अर्धवट कळतं, त्यामुळे भीती पुरी वाटते. आत लोखंडावर लोखंड फिरतं. मधे तेलाचा पापुद्रा असतो म्हणून ते एकमेकाला खात नाही. तेच तेल आतली उष्णता ओढून घेतं, काजळी आणि लोखंडाचा कीस पोटात घेतं. घेता घेता त्याचा दम संपतो, म्हणून ते बदलायचं. आता तोच कीस परत आत गेला होता. वर तेल झालं होतं दुप्पट. इतकं तेल आत घुसळलं जातं, त्याचा फेस होतो, आणि फेसाला पापुद्रा धरता येत नाही.

हे सगळं मी मनात म्हणत होतो आणि समोर तेलाचा लाल दिवा लुकलुकला. आरशात पाहिलं तर मागे निळा धूर.

संत्र्याच्या बगिच्याजवळ गाडी उभी करून इंजिन बंद केलं. बायको विचारून राहिली होती की काय झालं. मी म्हणालो, काही नाही, जरा थंड होऊ देऊ. मग लेकीला हळूच सांगितलं की पांढुर्ण्याच्या अलीकडे कोणी मिस्त्री पाहू, तेल काढून टाकू, तिच्या घरी कोणाला कळायचं कारण नाही.

ती गाडीतून उतरली.

"बाबा, आता एक इंचही गाडी चालवाची नाही. अन् लपवाचं तर बिलकुल नाही. उद्या इंजिन बसलं तर मी काय सांगू?"

तिनं स्वतः सासऱ्यांना फोन लावला. थोडं दूर जाऊन बोलली, त्यामुळे मला तिची फक्त पाठ दिसत होती. मी बायकोच्या पिशवीतली संत्री सोलत बसलो. एकही खाल्लं नाही. सोललेल्या फोडी तिच्या पदरात ठेवत गेलो, तर ती म्हणाली, मी माकड आहे का.

व्याही पिकअप घेऊन आले. आयुष्य कापसाच्या जिनिंगच्या मशिनींवर गेलेला, कमी बोलणारा माणूस. मला रामराम केला, बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी काढून पाहिली आणि परत खोचली. ते ओरडले असते तर मला जरा बरं वाटलं असतं.

मग दोरानं गाडी ओढत पांढुर्ण्याला नेली. बंद गाडीचं स्टेअरिंग माझ्या हाती. बंद गाडीचा ब्रेक दगडासारखा होता, आणि दोर ढिला पडला की पिकअपचं मागचं फळकूट माझ्या अंगावर यायचं. पायाला गोळे आले, पण पाय काढायची हिंमत झाली नाही.

गॅरेजमध्ये सगळं तेल काढलं, गाळणी बदलली, नवं तेल भरलं. मिस्त्री म्हणाला, आता चालू करून पाहू, आतून ठकठक आली तर इंजिन खोलावं लागन. व्याह्यांनी चावी माझ्या हातून घेतली. मला वाटलं, आता माझ्यावर विश्वास राहिला नाही, आणि ते बरोबरच होतं. पण त्यांनी ती लेकीकडे दिली.

तिनं गाडी चालू केली. लाल दिवा लागला, आणि विझला. आम्ही सगळे बॉनेटवर वाकून ऐकत राहिलो. माझ्या कानात माझीच छाती ठोकत होती, त्यामुळे मला दोनदा ठकठक ऐकू आली. व्याही बराच वेळ वाकूनच होते. मग सरळ झाले.

"नाही," ते म्हणाले. "आवाज साफ आहे. तू गाडी पुढं चालवू दिली नाही, ते बरं केलं, बाई. आता या गाडीचं तेलपाणी तूच पाहत जा."

लेकीनं मान हलवली, गाडी बंद केली आणि मग तिला रडू आलं. मी तिच्याकडे जाणार, तेवढ्यात तिच्या सासऱ्यांनीच खिशातला रुमाल काढून तिला दिला. तो तेलाचा होता. तिनं तोच घेतला.