सांगपिलचा पश्चात्ताप

"चोरांना पत्रं लिहून देतेस, दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्यांना लिहून देतेस, मग सख्ख्या भावानेच काय घोडं मारलंय?" सांगपिलने तिसऱ्यांदा विचारलं. बोकनिमने मुळा चिरणं याही वेळी थांबवलं नाही.

"आपण काय केलं, ते त्या लोकांना सांगता येतं," ती म्हणाली.

कोर्टाच्या फाटकासमोर एकतीस वर्षं बोकनिमचं अर्ज लिहायचं दुकान होतं. आरोपी न्यायाधीशांना पश्चात्तापाची पत्रं पाठवत, आणि ती ज्यांना लिहिता येत नसत ते तिच्याकडे येत. ती माणसाला समोर बसवून खोदून खोदून विचारी, मसुदा करी, आणि मग तो माणूस आपल्या हाताने त्याची नक्कल करी. त्यातले निम्मे रडणारे खोटे असतात हे तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं. सुटाबुटातल्या गिऱ्हाइकांना तर अश्रूसुद्धा तिनेच पुरवावेत असं वाटे. याच दुकानाच्या कमाईवर तिने सांगपिलला सरकारी परीक्षेच्या शिकवणीला घातलं. नोकरी लागल्यावर तो लोकांना सांगे, ताई कोर्टात असते. काय करते ते कधी सांगत नसे.

नगरपालिकेत बांधकामाचे परवाने त्याच्या सहीने निघत. छुसकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला एका बिल्डरकडून नाशपातीच्या पेट्या येत, वर फळं आणि तळाच्या कागदाखाली नोटा. त्या बदल्यात म्हाताऱ्यांच्या चार मजली वसतिगृहाला, आग लागली तर सुटायला लागणाऱ्या दुसऱ्या जिन्याशिवाय परवाना मिळाला. लाच घेतल्याचा गुन्हा शाबीत झाला होता. येत्या गुरुवारी शिक्षा सुनावायची होती.

कुठल्या गुन्ह्याला किती शिक्षा, याचा कोर्टाचा छापील तक्ता त्याने लाल शाईने रंगवून आणला होता. साध्या रकान्यात तुरुंग ठरलेला. 'मनापासून पश्चात्ताप' मानला गेला तर खालचा रकाना, तीन वर्षं, आणि तीही स्थगित होऊ शकत होती. म्हणजे घरी.

"आणि तक्ता काही बंधनकारक नाही," तो म्हणाला. "न्यायाधीश बाई स्वतंत्र आहेत. कारण लिहिलं की त्याच्याही खाली जाता येतं त्यांना. मन वळवायला हवं फक्त."

हाच माणूस गेल्या महिन्यात त्याच बाईंना शिव्या घालत होता. बाई ज्यांच्या हाताखाली शिकल्या, अशा एका निवृत्त न्यायाधीशांना त्याने वकील म्हणून लावलं होतं, आणि बाईंनी त्यांचा फोनच उचलला नव्हता. तेव्हा तो बाईंचा गर्व होता. आता ते स्वातंत्र्य झालं होतं. बोकनिमला हसूसुद्धा आलं नाही.

"बरं," तिने सुरी खाली ठेवली. "कशाचं वाईट वाटतं ते एका वाक्यात सांग. तेवढं मी लिहून देते."

सांगपिलने खरोखर विचार केला.

"त्या बिल्डरवर विश्वास ठेवला, याचं."

तिने सुरी पुन्हा उचलली.

"जाऊ द्या हो," त्याची बायको क्योंगनान त्याला म्हणाली. "वन्संना नसेल जमत तर राहू दे. तीन पत्रं तर आधीच पोचलीत."

कुठली पत्रं, असं बोकनिमने विचारल्यावर मग सगळं बाहेर आलं. गेल्या रविवारी बोकनिम देवळात गेली असताना क्योंगनानने दुकानाचं कपाट उघडून जुने मसुदे नेले होते. सांगपिलने त्यांची नक्कल करून कोर्टात दिली होती. क्योंगनानने पर्समधून झेरॉक्स काढली, आणि नवऱ्याचं अक्षर किती सुरेख आलंय तेही दाखवलं.

बोकनिमने चष्मा लावून वाचलं. हा मसुदा नऊ वर्षांपूर्वीचा होता, एका पाकीटमारासाठी केलेला. भाड्याच्या एका खोलीत तो आईला सांभाळत होता. त्याच्या बोटांवर भांड्याच्या वाफेचे चट्टे बघूनच तिने ते वाक्य लिहिलं होतं.

तिने मोठ्याने वाचलं, "रोज पहाटे उठून मी म्हाताऱ्या आईसाठी भात शिजवतो आणि तिचे पाय शेकतो. मी आत गेलो तर तिला कोण बघेल?"

कोपऱ्यात, खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर, अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई बसली होती. ती अकरा वर्षं बोकनिमकडे होती. सांगपिल वर्षातून दोनदा येई आणि बूट न काढता दारातूनच विचारपूस करून जाई.

"नाशपाती आणायचा हा," आई म्हणाली. "गोड असायच्या."

सांगपिलचे कान लाल झाले. असं सगळेच लिहितात, तो म्हणाला. न्यायाधीश काय घरी येऊन भाताचं भांडं बघतात? बाईंनी नुसतं वाचायचं आणि खालचा रकाना धरायचा, एवढंच तर हवंय. यात कुणाचं काय जातं?

बोकनिमने झेरॉक्सची घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवली. मुळ्याला मीठ लावून भांड्यावर झाकण ठेवलं आणि हात धुतले.

"उद्या सकाळी नऊ वाजता मी कोर्टात अर्ज देणार आहे," ती म्हणाली. "पत्र माझं आहे, दुसऱ्या माणसासाठी लिहिलेलं, आणि आई माझ्याकडे राहते. एवढंच लिहीन. किती वर्षं द्यायची ते बाई बघतील. आई, उद्या तुझं जेवण जरा उशिरा होईल."