यमुनाचा ओटा आणि माझा मधला मार्ग

यमुना गेल्याचा फोन तिच्या मुलीने, रेश्माने, सकाळी केला तेव्हा मी संध्याकाळच्या भाषणाची टिपणं काढत बसलो होतो. आमच्या पक्षाच्या अंधेरीतल्या कार्यकर्त्यांचं शिबिर होतं आणि विषय माझ्या आवडीचा... भांडवलशाही आणि समाजकल्याण यांच्यामधली वाट. दुपारी वेसाव्याला तिच्या अंत्ययात्रेला जाऊन आलो, आंघोळ केली आणि ठरल्याप्रमाणे भाषणाला उभा राहिलो. उदाहरण म्हणून आमच्या मासळी बाजाराचं दिलं. एका कोळणीला हक्काचा ओटा कसा मिळाला, तेही रंगवून सांगितलं. ती त्याच सकाळी वारली हे सांगितलं नाही. टाळ्या पडल्या. महिना होऊन गेला, त्या टाळ्या काही कानातून जात नाहीत.

यमुना आणि मी महापालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत एका वर्गात होतो. माझे वडील मालवणकडचे, गिरणीत कामाला. तिची आई अंधेरीच्या बाजारात मासे विकायची. सातवीनंतर यमुना आईशेजारी पाटी घेऊन बसली, मी कॉलेजात आणि पुढे राजकारणात गेलो. राजकारण म्हणजे फार मोठं काही नाही. वॉर्डातला सचिव, निवेदनं लिहिणारा, भांडणं मिटवणारा. कुठल्याच टोकाला जायचं नाही, यावर माझा मनापासून विश्वास होता. गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेले वडील मी पाहिले होते. मालक हटून बसले, पुढारी हटून बसले आणि मधल्या मधे माणसं संपली, असं मला वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

बाजाराच्या जागी मॉल उभा करायचं ठरलं, तेव्हा बिल्डरला कोळणी तिथे नकोच होत्या आणि कोळणींना रस्त्यालगतची जागा सोडायची नव्हती. मी तोडगा काढला. रस्त्याकडची बाजू दुकानांना, कोळणींना तळघरात पक्के ओटे, प्रत्येकीच्या नावावर, फुकट. यमुनाने सही केली की बाकीच्या करणार, हे मला ठाऊक होतं, म्हणून कागद घेऊन आधी तिच्याकडेच गेलो. तिने एकच विचारलं, "मोहन, गिऱ्हाईक जिना उतरेल का रे?" मी नकाशा उलगडून सरकता जिना दाखवला. तिने नकाशाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

सरकता जिना झाला, पण वरच्या मजल्यांवर नेणारा. तळघरात उतरायला अरुंद, उभ्या पायऱ्या. पुढे वासाची तक्रार आली, तेव्हा पाट्या पुढच्या दाराने न आणता मागून, कचऱ्याच्या गाडीशेजारून आणायच्या ठरल्या. मग तळघर दुपारी बंद ठेवायचं ठरलं. मग दर्शनी भागात बाजाराचा फलक नको, असं ठरलं. प्रत्येक वेळी बैठक मीच घडवून आणायचो. दुकानदार चार पावलं मागायचे, मी त्यांना दोनवर आणायचो आणि समतोल साधला म्हणून समाधानाने घरी यायचो. पुढच्या खेपेला मोजणी तिथूनच सुरू व्हायची. मध्य मी कधी सोडला नाही; पण तो मध्य दर खेपेला यमुनाच्या ओट्याकडे सरकत होता, हे मला कळत नव्हतं... की कळत होतं, आता खात्रीने सांगवत नाही. कागदाने भलंही केलं, हे नाकारणार नाही. जुन्या बाजारात हप्ता मागायला येणारे बंद झाले, तिला तिथून कुणी उठवू शकलं नाही. जागा तिचीच होती. गिऱ्हाईक तेवढं उरलं नाही.

गेल्या वर्षी माझी बायको आजारी होती, तेव्हा यमुना भेटायला आली. बायकोसाठी पेज करून आणली होती. डबा ठेवायला तिने फ्रिज उघडला आणि तिथे ॲपवरून मागवलेलं सुरमईचं पाकीट होतं, स्वच्छ कापलेल्या तुकड्यांचं. माझे गुडघे गेलेत, त्या पायऱ्या उतरवत नाहीत, असं काहीतरी मी पुटपुटलो. तिने पाकीट थोडं बाजूला सरकवलं, डबा आत ठेवला. "सुरमई बरी कापलीय," म्हणाली, आणि बायकोशी बोलत बसली. मला दोष दिला असता तर मी नेहमीसारखा वाद घातला असता, आकडे सांगितले असते. तिने ती सोय ठेवली नाही.

परवा मी तळघरात उतरलो. कठड्याला धरून, एकेक पायरी. ओटे झाल्यापासून पहिल्यांदा, हे लिहितानाही लाज वाटते. बऱ्याचशा ओट्यांवर रिकामे खोके रचलेले होते. बाकीच्या बायका वाटेकडे तोंड करून बसल्या होत्या. यमुनाचं स्टूल मात्र तिरकं, जिन्याकडे वळवलेलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या कोळणीने ते अजून हलवलं नव्हतं. यमुना उतरणाऱ्याचे पाय बघायची, पायांवरून गिऱ्हाईक ओळखायची, असं म्हातारी म्हणाली. मग माझ्या चपलांकडे बघत तिने विचारलं, "डावा पाय आत टाकता... तुम्ही मोहन काय?"

मी हो म्हटलं. "यमुना म्हणायची, तो आला तर पायांवरूनच ओळखीन," म्हातारी म्हणाली.

मी त्या स्टुलावर बसलो. तिथून वरच्या चार पायऱ्या तेवढ्या दिसतात. एक बाई दोन पायऱ्या उतरली, थांबली. तिच्या हातातली पिशवी क्षणभर हलली. मग ते पाय वळले आणि वर गेले.