सोबती मंडळाचा बुधवार

सहल ठरवणं म्हणजे नुसती बस सांगणं, असं ज्याला वाटतं त्याने जेसल पार्कच्या ज्येष्ठांच्या सोबती मंडळाची एक तरी सहल ठरवून दाखवावी. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. मंडळातल्या कुणा ना कुणाला त्या वारी मासा वर्ज्य. आणि केळव्याला समुद्र बघायला जातो हे आपलं म्हणायला, खरी ओढ सरूबाईंच्या खानावळीतल्या सुरमईची. म्हणून ईश्वरराव गवाणकरांनी डोकं लढवून बुधवार काढला आणि स्वतःवरच खूश झाले.

हल्ली खूश व्हायचे प्रसंग त्यांना फारसे येत नव्हते. गणपतीनंतर त्यांची बायको शेवंती गेली. मुलगा पुण्याला. सकाळी उठून दाढी करावी असं एकच काम उरलं होतं, मंडळाच्या सहली. कुणाला खिडकी हवी, कुणाला उलटी होते म्हणून पुढची सीट, यात दिवस जरा बरे जात. पण नुकताच निवृत्त झालेला पराग केळुसकर टपून बसला होता. "काका, यापुढचं मी बघतो, तुम्ही आराम करा," हे त्याचं पालुपद. ही सहल फसली की हेही काम हातचं जाणार, हे ईश्वररावांना पक्कं ठाऊक होतं. आरामाची त्यांना धास्ती वाटत होती.

सोमवारी संध्याकाळी बागेत शेवटची बैठक भरली. ईश्वरराव बसची वेळ सांगत होते, तेवढ्यात संपदाताई म्हणाल्या, "भाऊ, बुधवारी संकष्टी आहे हो. मी आत्ता बघितलं."

निम्मं मंडळ संकष्टी करणारं. मासा सोडाच, चंद्र दिसल्याशिवाय जेवण नाही. इतके दिवस कुणी बघितलंही नव्हतं, कारण गवाणकरांनी दिवस काढला म्हणजे बघूनच काढला असणार, असा सगळ्यांचा भरवसा. ईश्वरराव तोंडाला येईल ते बोलून गेले.

"माहितेय ना मला. उपासवाल्यांचं वेगळं सांगितलंय सरूबाईंना."

"मग लगेच कन्फर्म करून टाका ना," पराग म्हणाला. "लावा फोन, स्पीकरवर टाका."

"इथे रेंज नाय मिळत," म्हणून ईश्वरराव उठले ते थेट फाटकापाशी गेले. सरूबाईंनी मिळतंजुळतं घेतलं तर अब्रू वाचणार होती.

"उपासाचं?" सरूबाई म्हणाल्या. "आवो, मी मासा सांगून ठेवलाय. येका चुलीवर दोन्ही न्हाय चालत, दादा. आसा कसा दिवस काढलात? वयनींना द्या फोन, त्यांना कळंल."

शेवंती गेल्याचं सरूबाईंना कुणी कळवलंच नव्हतं. ईश्वररावांनी फोन बंद केला. मागे पाहिलं तर सगळी मंडळी त्यांच्याकडेच बघत होती. अजूनही काहीतरी थाप मारता आली असती. ते परत आले आणि उभ्यानेच बोलले.

"मी खोटं बोललो. मला माहीत नव्हतं. ओट्यावर साबुदाणा भिजत घातलेला दिसला की मला कळायचं, उद्या संकष्टी. कॅलेंडर मी कधी बघितलंच नाय. आता कोण भिजत घालणार? ती गेल्यापासून आमच्या घरात संकष्टी आलीच नाय." आवाज फुटला, पण त्यांनी तो लपवला नाही. "पराग, पुढचं तू बघ."

परागने मान खाली घातली. महिनाभर ज्यासाठी तो टपला होता, ते हातात आलं होतं आणि त्याला घेववेना.

"सरूबाईंशी मी बोलतो," तो शेवटी म्हणाला. "बसवाल्याशी पण. पुढच्या बुधवारी एकादशी, म्हणून आपण त्यापुढच्या बुधवारी जातोय. आणि वार तुम्हीच काढलाय, तर नेणार पण तुम्हीच, काका."

संपदाताईंनी सरकून बाकावर जागा केली. "आणि या बुधवारी उपास सोडायला माझ्याकडे या."

"मी कधी उपास धरला नाय, ताई." ईश्वरराव बसले, रुमालाने तोंड पुसलं.

"या वेळी धरतो," ते म्हणाले. "चंद्र किती वाजता उगवतो, ते कुठे बघायचं असतं?"