मालक मंत्री झाले ते वर्ष

मेलबर्नमध्ये मी होम केअरचं काम करते. मी राहते त्या वेरिबी उपनगरातून सकाळची ट्रेन, शहरात गाडी बदलायची, पूर्वेकडच्या एका जुन्या वस्तीत उतरायचं आणि चढ चढत जायचं. पुण्यात मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. इथे ते शिक्षण चालेना आणि पुन्हा परीक्षांना बसायचं त्राण उरलं नव्हतं, म्हणून हे काम धरलं. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, औषधं द्यायची, पाय चोळायचे. संध्याकाळी घरी पोचले की माझेच पाय कुणी तरी चोळावेत असं वाटतं. मुलगी सोफ्यावरून विचारते, “हाऊ वॉज वर्क, आई?” मी “गुड” म्हणते. तिथेच आमचं बोलणं संपतं.

ज्या बाईंबद्दल सांगतेय त्यांनी नव्वदी ओलांडली होती. डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, बाकी सगळं ठणठणीत. त्यांना माझ्याकडून एकच काम हवं असायचं, रोजचा पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. पहिल्या पानापासून निधनाच्या जाहिरातींपर्यंत. त्यांचे वडील इथल्या एका मोठ्या दैनिकाचे संपादक होते, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्याहून जास्त काही त्या कधी बोलल्या नव्हत्या.

मग एका दुपारी एक लेखक भेटायला आला. त्या दैनिकाच्या मालकाचं चरित्र तो लिहीत होता. मालक गावाकडच्या एका साप्ताहिकात जाहिराती गोळा करायचा, तिथून निघून तीन शहरांतली दैनिकं त्याने विकत घेतली. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने त्याला एका सुरक्षित मतदारसंघातून निवडून आणलं आणि बातम्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या खात्याचा मंत्री केलं. म्हणजे ज्याची वर्तमानपत्रं, तोच आता काय छापायचं नाही ते ठरवणार.

लेखकाने फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. “तुम्ही तेव्हा लहान होतात. मंत्री झाल्यावर ते तुमच्या घरी आले होते, ते आठवतं का?”

“आठवतं ना,” बाई म्हणाल्या. “पण आधी केकचं ऐक.”

मी चहा करत होते. हातातलं काम तसंच ठेवून दारात उभी राहिले.

बाईंचा मामा नौदलात होता. त्याला पाठवायला त्यांच्या आईने मनुका घातलेला केक केला होता. तेव्हा केक पत्र्याच्या डब्यात भरून डबा कापडात शिवून पाठवायचे, म्हणजे बोटीवर पोचेपर्यंत टिकायचा. एका दुपारी वडील अचानक लवकर घरी आले. आई डबा शिवत होती. ती म्हणाली, “बरं झालं आलात, हा जरा धरा.” वडिलांनी समोर बसून डबा दोन्ही हातांनी धरला. आईने चारही बाजू शिवल्या, वर शाईने भावाचं आणि बोटीचं नाव लिहिलं. मग वडील म्हणाले, “मी टाकतो पोस्टात.” आणि टाकलाही.

“बोट बुडाली होती,” बाई म्हणाल्या. “कुणीच वाचलं नव्हतं. वडिलांना त्या सकाळीच कळलं होतं. बातमी ऑफिसात आली आणि लगेच मंत्र्याचा फोन आला. एक ओळ छापायची नाही. घरी बायकोलासुद्धा सांगायचं नाही.”

लेखकाने विचारलं, “वडिलांनी विरोध नाही केला?”

“केला असेल. मला माहीत नाही. रात्री ते जेवायला बसले, एवढं मला माहीत आहे. आई म्हणाली, तुम्ही काही खात नाही. ते म्हणाले, ऑफिसात खाल्लं.”

सरकारने बातमी जाहीर केली ती बऱ्याच दिवसांनी. त्यानंतरच्या रविवारी मंत्री स्वतः सांत्वनाला आला. मोठी गाडी, काळा सूट. आईने त्याला चांगल्या कपात चहा दिला. तो म्हणाला, “संपूर्ण देश तुमच्या दुःखात सहभागी आहे.” आईने विचारलं, “तुम्हाला कधी कळलं होतं?”

मंत्र्याने फक्त बाईंच्या वडिलांकडे पाहिलं.

“तेवढ्यावरून आईला समजलं,” बाई म्हणाल्या. “तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, ‘तुम्ही डबा धरला होता.’ त्या रात्रीपासून ती माझ्या खोलीत झोपू लागली. माझं लग्न होईपर्यंत.”

लेखक अगदी हळू आवाजात म्हणाला, “माफ करा, पण मला हे विचारायला हवं. तुमच्या वडिलांनी मालकांना क्षमा केली होती?”

“दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं,” बाई म्हणाल्या. “आमचं घर त्या पगारावर चालायचं.”

पुस्तक वर्षभराने आलं. जाडजूड, कव्हरवर मालकाचा हसरा फोटो. मीच ते त्यांना वाचून दाखवलं, रोज थोडं थोडं. दिवसाच्या शेवटी माझा घसा बसायचा. बोटीचा मजकूर अर्ध्या परिच्छेदात होता. राष्ट्रहितासाठी बातमी रोखणं भाग पडलं, आणि मंत्रिमहोदयांनी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांची आवर्जून भेट घेतली, असं.

“आईचं काही?”

“नाही.”

मला वाटलं, त्या चिडतील. मी स्वतः चिडले होते. पण त्या म्हणाल्या, “पुढे वाच.”

पुढे मालकाचं मंत्रिपद फार टिकलं नाही. दुसऱ्या वर्तमानपत्रांचे मालक त्याच्यावर उलटले, सरकारलाही तो नकोसा झाला, आणि राजीनामा देऊन तो आपल्या ऑफिसात परत आला. ज्यांच्या बातम्या त्याने कापल्या होत्या ते बातमीदार तो जिन्यात दिसला की बाजूला होत, पण बोलत कुणी नसे. शेवटची वर्षं तो टेकडीवरच्या मोठ्या घरात अंथरुणाला खिळून होता. जुने मित्र फिरकत नव्हते, असं लेखकाने लिहिलं होतं.

“हे चूक आहे,” बाई एकदम म्हणाल्या. “माझे वडील जायचे. दर रविवारी. आम्ही तिघं गाडीतून जायचो, वडील आत जायचे, मी आणि आई बाहेर गाडीत थांबायचो. आई विणत बसायची. एकदाही उतरली नाही.”

“का जायचे ते?” मी विचारलं. “त्या माणसाकडे?”

“मोठी झाल्यावर मीही विचारलं होतं. म्हणाले, बोटीची बातमी जाहीर होईपर्यंत ती गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत होती. दुसऱ्या कुणाशी बोलणार?”

लेखकाला फोन करून हे कळवायचं का, असं मी विचारलं, तर त्यांनी हात हलवून नको म्हटलं. “पुस्तक छापून झालंय. राहू दे. मला आता झोप येतेय.”

मी त्यांच्या पायांवर शाल टाकली, पुस्तक कपाटात ठेवलं आणि खाली उतरून स्टेशनकडे निघाले. एरवी ट्रेनमध्ये बसायला मिळालं की माझा डोळा लागतो; त्या दिवशी जागा मिळाली, तरी वेरिबीपर्यंत मी डोळे मिटले नाहीत.