पान सत्तावन्न ते बासष्ट

वाचनालयात तिला सगळे दोरेबाई म्हणत. फाटलेली पुस्तकं शिवून, पुठ्ठा चढवून पुन्हा उभी करायचं काम तिचं, आणि बाहीला मेण लावलेल्या दोऱ्याचा एखादा तुकडा कायम चिकटलेला, म्हणून ते नाव. जिन्याखालच्या खोलीत तिचं टेबल होतं. त्यावर खळीची वाटी, दाभण, पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा. दर सोमवारी वरून एक टोपली भरून पुस्तकं यायची. पाठ मोडलेली, चहा सांडलेली, कुणा लेकराने कुरतडलेली. तिची एक खोड होती. हातात आलेलं पुस्तक ती आधी वाचायची आणि मग उसवायची. "ज्याला सोलायचं त्याची ओळख तरी करून घ्यावी," म्हणायची. एकोणीस वर्षं तिने तिथे काढली आणि तिच्या हातून कधी एक ओळही हरवली नाही.

मग एका दुपारी मास्तरांनी तिला चोर ठरवलं.

मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, वाचनालयाच्या समितीतलं वजनदार माणूस. बोलायला लागले की समोरचा आपोआप हाताची घडी घालायचा. शहरातल्या एका जुन्या डॉक्टरांनी आपल्या आठवणी लिहून स्वतःच शंभरेक प्रती छापल्या होत्या. त्यातली एकच प्रत कुठे उरली असेल तर ती या वाचनालयात. ती प्रत दुसऱ्यांदा बांधायला दोरेबाईकडे आली. उघडून बघते तर मधले तीन कागद, म्हणजे सहा पानं, गायब. सत्तावन्न ते बासष्ट. शिवणीपाशी बोटभर रुंदीची पट्टी तेवढी उरलेली, आणि कड अशी सरळ की पट्टी ठेवून पातं फिरवल्यासारखी. पुस्तक परत देताना हे सांगायचं असं तिने ठरवलं, आणि तिथेच ती फसली. ती सांगायच्या आतच, दोन दिवसांनी समितीच्या बैठकीत पुस्तक मास्तरांच्या हाती गेलं. त्यांनी ते बरोबर तिथेच उघडलं.

"पानं कुठायत, दोरेबाई?"

"माझ्याकडे आलं तेव्हाच नव्हती. मला काढायची असती तर मी शिवण उसवून काढली असती, मास्तर. हे कुणीतरी पातं मारलंय."

"पातं तर तुमच्याच टेबलावर असतं," मास्तर म्हणाले.

सगळे हसले. ते हसू तिच्या कानात बसलं ते बसलंच. कुणी म्हणालं फाटली म्हणून टाकून दिली असतील, कुणी म्हणालं जुन्या कागदाला बाहेर गिऱ्हाईक असतं. आठवडा संपायच्या आत जिन्याखालच्या खोलीची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. घरी आल्यावर नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो बस चालवायचा, शांत माणूस. मग म्हणाला, "असेल बाई, नजरचुकीने गेली असतील तुझ्याकडून." त्याला धीर द्यायचा होता. पण समितीच्या सगळ्या माणसांनी मिळून केला नव्हता तेवढा घाव त्या एका वाक्याने झाला. पुढे चार वर्षांनी तो गेला. आपली बायको खरं बोलत होती हे त्याला कधी कळलंच नाही.

पुढची नऊ वर्षं दोरेबाईने कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काढली. विद्यार्थ्यांचे जाडजूड प्रबंध, काळा पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं. वाचावंसं वाटेल असं त्यात काही नसे. हात चालायचे आणि डोकं मोकळं राहायचं, आणि मोकळ्या डोक्यात ती संशयितांची यादी उगाळत बसायची. त्या वर्षी ते पुस्तक कुणाकुणाच्या हातात गेलं असेल? जुने ग्रंथपाल? जुन्या पुस्तकांचे फोटो काढायला आलेला तो माणूस? वर्तमानपत्रं चाळायला येणारे पेन्शनर? ओळखीचं माणूस रस्त्यात भेटलं की ती आधी त्याच्या बोटांकडे बघायची. बहीण म्हणायची, "ताई, किती वर्षं उराशी धरून बसणार आहेस? सोड आता."

"सोडते की," दोरेबाई म्हणायची. "नाव कळलं की सोडते."

मधल्या काळात वाचनालय बदललं. जुने ग्रंथपाल गेले आणि एक तरुण ग्रंथपाल आली, उत्साहाने नुसती फसफसलेली. तिने महिन्याला काही ना काही काढायला सुरुवात केली. मुलांसाठी गोष्टींचा तास, पुस्तकांची अदलाबदल, शिवणकामाच्या पुस्तकांभोवती जमणाऱ्या बायकांचा गट, आणि वर्षातून एकदा पुस्तकांवरच्या प्रश्नांची स्पर्धा. टेबलावर पितळी घंटी, जो आधी वाजवेल त्याने उत्तर द्यायचं. सहा वर्षं लागोपाठ ती स्पर्धा मास्तरांनी जिंकली. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांचा तळवा घंटीवर पडलेला असायचा.

असाच एक कार्यक्रम होता, 'आपल्या शहराच्या जुन्या गोष्टी'. बहीण दोरेबाईला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. नऊ वर्षांनी ती त्या जिन्यावर पाय ठेवत होती. ती मागच्या खुर्चीवर, दाराजवळ बसली, म्हणजे उठून जायला बरं. वक्ते मास्तरच. रंगात येऊन ते सांगू लागले की चौकातलं मनोऱ्याचं घड्याळ पहिल्या दिवसापासून सतरा मिनिटं मागे होतं आणि ते कुणी दुरुस्त करू दिलं नाही, कारण गिरणीतले कामगार त्या सतरा मिनिटांच्या भरवशावर जेवून घ्यायचे.

दोरेबाईच्या हातातला रुमाल खाली पडला. ती गोष्ट तिने वाचली होती. पहिल्यांदा ते पुस्तक बांधायला आलं तेव्हा, आणि आवडली म्हणून दोनदा. डाव्या हाताचं पान, वरून तिसरा परिच्छेद. पान अठ्ठावन्न.

"हे माझं स्वतःचं संशोधन आहे बरं का," मास्तर म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोरेबाईनेही वाजवल्या. रागाचा लवलेशही तिला त्या वेळी जाणवला नाही. ज्याने तिच्याकडे बोट दाखवलं होतं त्याच्याच हातात पातं होतं, एवढं कळल्यावर तिला वर्षानुवर्षांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली. घरी जाऊन ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथपालबाईंसमोर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. त्या मुलीने कपाटातून ते पुस्तक काढलं, कापलेल्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"पण काकू, हे सिद्ध कसं करायचं? घरी जाऊन कपाट उघडा म्हणता येत नाही."

"उघडायला नको. ते आपणहून उघडतील. तुमच्या स्पर्धेत वाचकांचे प्रश्न घेता ना? माझे तीन घ्या. उत्तरं मी पाकिटात बंद करून देते."

ग्रंथपालबाई थोडा वेळ पेनाचं टोपण चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "प्रश्न विचारायला काही हरकत नसते."

स्पर्धेच्या दिवशी वरचं वाचनदालन भरलं होतं. मधली टेबलं सरकवून साठेक खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे पाच स्पर्धक: मास्तर, औषधांच्या दुकानातली बाई, एक बँकेतला, दोन कॉलेजच्या मुली. मास्तरांच्या पत्नी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, मांडीवर त्यांचा कोट घेऊन. या बाई कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बोलल्या तरी मास्तर त्यांचं वाक्य मध्येच तोडून दुरुस्त करायचे, म्हणून त्यांनी वाक्यं करायचंच सोडलं असावं. दोरेबाई या वेळी दाराजवळ बसली नाही. ती तिसऱ्या रांगेत मधोमध बसली.

नेहमीचे प्रश्न झाले. मास्तर पुढे होते. मग ग्रंथपालबाईंनी आवाज अगदी सरळ ठेवून विचारलं, "शहराचा पहिला आगीचा बंब ओढणाऱ्या घोड्याला लोक काय म्हणायचे?"

घंटी. "दिवाणजी," मास्तर म्हणाले.

"चौकातलं घड्याळ किती मिनिटं मागे होतं?"

घंटी. "सतरा. हे तर मी मागच्याच महिन्यात सांगितलंय."

"आठवणी लिहिणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्या पहिल्या रोग्याने काय आणून दिलं?"

बाकीचे चौघे एकमेकांकडे बघत राहिले. मास्तरांनी घंटी सावकाश, लाडाने वाजवली. "शिडी. रंगारी होता तो. डॉक्टरांनी ती शिडी मरेपर्यंत जपली."

ग्रंथपालबाईंनी पाकीट फोडलं, कागद वाचला. "तिन्ही बरोबर." टाळ्या विरल्यावर त्यांनी ते पुस्तक उचललं आणि मधोमध उघडून लोकांकडे धरलं. "ही तिन्ही उत्तरं या पुस्तकाच्या पान सत्तावन्न ते बासष्टमध्ये आहेत. ही पानं नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी कापून नेली. दुसरी प्रत कुठेही नाही, मी सगळीकडे विचारून पाहिलं. मास्तर, तुम्ही ही कुठे वाचलीत?"

मास्तरांचा चेहरा क्षणभर पिठासारखा झाला. पण माणूस मुरलेला होता.

"पानं जायच्या आधी वाचली असतील. आणि पाकिटात उत्तरं कुणी लिहिली ते सांगा की. जिच्याकडे पानं आहेत तिलाच ती येणार. कोण आहे ती?" त्यांची नजर फिरत फिरत तिसऱ्या रांगेवर थांबली. "वाटलंच. ही बघा, बसली आहे. चोरीचा माल घेऊन प्रश्न काढते."

नऊ वर्षं दोरेबाईने या घटकेची घडी घातली होती, उलगडली होती, पण ही बाजू तिच्या ध्यानातच आली नव्हती. मास्तरांना उत्तरं येतात म्हणून ते चोर, तर तिलाही येतात. मागे कुणीतरी खाकरलं. बँकेतला हळूच म्हणाला, "तेही खरंच आहे म्हणा." पुन्हा तेच हसू आता येणार, असं वाटून तिने खुर्चीची कड घट्ट धरली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या बाई उठल्या. मांडीवरचा कोट त्यांनी घडी करून खुर्चीवर ठेवला.

"पानं आमच्या घरी आहेत," मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या. "ह्यांच्या निळ्या वहीत चिकटवलेली. खळ मीच करून दिली होती."

"तू गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं," मास्तर म्हणाले.

"घोड्याचं नाव दिवाणजी नाही. दिवाण. तिथे नुसतं दिवाण लिहिलंय," त्या म्हणाल्या. "दर वेळी चुकीचं सांगता तुम्ही."

ग्रंथपालबाईंनी हातातल्या कागदाकडे पुन्हा पाहिलं. "इथेही नुसतं दिवाणच आहे," त्या म्हणाल्या. "मीच पटकन बरोबर धरलं."

कुणी हसलं नाही. मास्तर उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले. शेवटी कोट तसाच टाकून जिना उतरून गेले. दोरेबाई त्यांच्याकडे बघत होती. ते दिसेनासे झाल्यावरही तिने जिन्यावरची नजर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने निळी वही वाचनालयाच्या टेबलावर आणून ठेवली. समितीचं माणूस दोरेबाईच्या घरी आलं. झालं गेलं विसरून पुन्हा या, म्हणालं. पत्रही आणलं होतं, दिलगिरीचं.

"पत्र नको," दोरेबाई म्हणाली. "मला चोर म्हटलं तेव्हा पत्र पाठवलं नव्हतं. माईकवर वाचा. लोक असताना."

त्यांनी पुढच्या कार्यक्रमात, पुस्तकांच्या अदलाबदलीच्या गर्दीत, माईकवर वाचलं. मग तिने किल्ली घेतली. पानं वहीतून ओल्या फडक्याने हळूहळू सोडवली आणि पट्ट्यांना पातळ कागदाने सांधली. जोड लपवता आला असता, तेवढा तिच्या हातात गुण होता. पण तिने तो लपवला नाही. उघडणाऱ्याला दिसायलाच हवा, असा ठेवला.

महिन्याभराने मास्तर तिला भाजीच्या दुकानाशी आडवे आले. खंगलेले, दाढी वाढलेली. "दोरेबाई, झालं ते झालं. वयाकडे बघून तरी माफ केलं म्हणा."

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "नाही, मास्तर," एवढंच म्हणाली आणि बटाटे निवडू लागली.

बहिणीला हे आवडलं नाही. "आता आणखी काय हवंय तुला? म्हातारा माणूस तो."

"म्हातारा नऊ वर्षांपूर्वीही होता."

पुढे कळलं की मास्तरांनी हे वाचनालय सोडलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक लहान वाचनालय आहे, दोन बस बदलून जावं लागतं, तिथे ते सभासद झालेत. तिथे त्यांना कुणी ओळखत नाही. आणि तिथेही वर्षातून एकदा पुस्तकांवरच्या प्रश्नांची स्पर्धा असते म्हणे.

"कधी असते?" दोरेबाईने विचारलं.

त्या दिवशी तिने खोली लवकर बंद केली, हात धुतले, दोन बस बदलल्या. लहानशीच खोली होती, वीसेक खुर्च्या. ती पहिल्या रांगेत, घंटीच्या अगदी समोर जाऊन बसली. पर्स मांडीवर ठेवली. मास्तर आत आले, टेबलाशी बसले, चष्मा पुसला आणि मान वर केली. ती कुणाशी काही बोलली नाही, कुणाला काही सांगितलं नाही. नुसती बघत बसली. पंचवीस प्रश्न झाले. मास्तरांचा हात एकदाही घंटीकडे गेला नाही. एका शाळकरी मुलीने स्पर्धा जिंकली, तिच्यासाठी दोरेबाईने मनापासून टाळ्या वाजवल्या, आणि निघताना दारातल्या माणसाला पुढच्या वर्षीची तारीख विचारून घेतली.